दोन जीव, चार प्रशिक्षित हात
प्रसूतीच्या वेळी जवळ कोण असावे? भिलाई–दुर्ग परिसरातील कुटुंबांसाठी व दवाखान्यात येणाऱ्या सर्वांसाठी माहितीपाठ

घरात पाळणा हलणार असे कळले, की बाळंतपण कोठे करायचे याची चर्चा सुरू होते. माहेरी की सासरी, सरकारी रुग्णालयात की खासगी, घराजवळ की मोठ्या शहरात, या सर्व बाजूंचा विचार होतो. तितक्याच महत्त्वाचा एक प्रश्न मात्र बहुधा विचारायचा राहून जातो: त्या घटकेला तेथे कोण हजर असेल, आणि त्या व्यक्तीला काय करता येत असेल? हा पाठ त्या प्रश्नाविषयी आहे. तो घरातील सर्वांनी वाचावा. विशेषतः ज्यांच्या शब्दावर घरातील निर्णय होतात, त्या वडीलधाऱ्यांनी आणि गर्भवतीच्या पतीने अवश्य वाचावा.

१. रुग्णालयापर्यंत पोहोचलो, पुढे काय?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार छत्तीसगढमध्ये २०१५–१६ च्या सुमारास शंभरपैकी सुमारे ७० प्रसूती आरोग्य संस्थांत होत होत्या. २०१९–२१ च्या पाहणीत हे प्रमाण सुमारे ८६ पर्यंत गेले. ही प्रगती मोठी आहे. घराघरांतील स्त्रियांनी, मितानिनींनी, परिचारिकांनी आणि रुग्णवाहिका चालकांनी ती मिळून घडवली आहे.

तरीही माता मृत्यूचे प्रमाण आपल्याला थांबून विचार करायला लावते. २०१८–२० या कालावधीत दर एक लाख जिवंत जन्मांमागे भारतात ९७ मातांचा मृत्यू झाला. छत्तीसगढमध्ये हा आकडा १३७ होता, तर शेजारच्या महाराष्ट्रात ३३. या तफावतीमागे अंतर, दारिद्र्य, रक्तक्षय अशी अनेक कारणे आहेत. त्यांपैकी एक कारण असे, की दार उघडे असलेल्या प्रत्येक केंद्रात पुरेसे आणि सरावातले हात प्रत्येक वेळी उपलब्ध असतातच असे नाही. इमारत, खाट आणि उपकरणे यांचा उपयोग ती वापरणाऱ्या माणसांमुळेच होतो.

२. वेळेचे गणित

बहुतेक बाळंतपणे सुखरूप पार पडतात. गुंतागुंत कोणत्या स्त्रीला होईल हे मात्र आधी खात्रीने सांगता येत नाही. सर्व तपासण्या चांगल्या आलेल्या स्त्रीलाही वार पडल्यानंतर अतिरक्तस्राव होऊ शकतो. म्हणूनच प्रत्येक प्रसूतीच्या वेळी कुशल व्यक्ती हजर हवी, असे आरोग्यशास्त्र सांगते.

निरनिराळ्या संकटांत हाती असणारा वेळ निरनिराळा असतो. उपचार न मिळाल्यास प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावाने सरासरी २ तासांत मृत्यू ओढवू शकतो, असा तज्ज्ञांचा परिचित अंदाज आहे. गरोदरपणातील झटक्यांत सुमारे २ दिवस, अडलेल्या बाळंतपणात सुमारे ३ दिवस आणि जंतुसंसर्गात सुमारे ६ दिवस मिळतात. ही सरासरी आहे. एखाद्या स्त्रीला याहून कितीतरी कमी वेळ मिळतो. जन्मल्यावर श्वास न घेणाऱ्या बाळाच्या बाबतीत तर हिशेब मिनिटांचा असतो.

यावरून एक नियम निघतो. जे संकट मिनिटांत किंवा तासांत जीव घेते, त्याचे पहिले उपचार प्रसूतीच्या खोलीतच मिळाले पाहिजेत. ते करणारी व्यक्ती दुसऱ्या गावाहून बोलावून चालत नाही. ज्यात काही तास हाती असतात, तेथे शस्त्रक्रिया आणि रक्तपुरवठा असलेले मोठे रुग्णालय वेळेत गाठता येईल अशी सोय हवी. पहिल्या कामासाठी कुशल परिचारिका, दुसऱ्यासाठी तज्ज्ञ आणि वाहन. दोन्ही साखळ्या अखंड असतील, तेव्हाच बाळंतपण सुरक्षित म्हणता येते.

३. तीन शिफ्टचे गणित

भिलाईकरांना मनुष्यबळाचा हिशेब वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली, तेव्हापासून या गावाचे आयुष्य शिफ्टवर बेतलेले आहे. भट्टी रात्री बंद ठेवता येत नाही, आणि रिलीव्हर आल्याशिवाय कामगार आपली जागा सोडत नाही, हे येथील मुलांनाही ठाऊक असते. प्रसूतीगृहाचेही तसेच आहे. कळा घड्याळ पाहून येत नाहीत.

आता हिशेब मांडू. आठवड्याचे तास १६८. एक परिचारिका ८ तासांच्या ६ शिफ्ट करते, म्हणजे ४८ तास. १६८ ला ४८ ने भागले की साडेतीन येतात. प्रसूतीकक्षात चोवीस तास एकच परिचारिका ठेवायची असेल, तरी किमान साडेतीन जणी लागतात. त्यात रजा, आजारपण, सण आणि प्रशिक्षणाचे दिवस धरले, तर ही संख्या चार-पाचांवर जाते. केंद्रात तीन परिचारिका नेमलेल्या असून त्यांतील एक रजेवर असेल, तर कोणती तरी शिफ्ट रिकामी राहणार किंवा कोणी तरी सलग सोळा तास उभी राहणार, हे उघड आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की बाळ जन्मते त्या क्षणी खोलीत दोन रुग्ण असतात. आईला रक्तस्राव होत असेल आणि त्याच वेळी बाळ रडत नसेल, तर एकटी परिचारिका कोणाकडे आधी पाहणार? म्हणून जन्माच्या वेळी किमान दोन प्रशिक्षित व्यक्ती हव्यात: एक आईसाठी, एक बाळासाठी. या पाठाचे शीर्षक त्यावरूनच घेतले आहे.

ही उणीव केवळ आपल्याकडची नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अहवालानुसार जगात सुमारे ९ लाख प्रसविकांची, म्हणजे प्रसूतीशास्त्रात प्रशिक्षित परिचारिकांची, कमतरता होती. भारताने डिसेंबर २०१८ मध्ये प्रसविका सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार नोंदणीकृत परिचारिकांना १८ महिन्यांचे विशेष प्रशिक्षण देऊन सर्वसाधारण प्रसूती स्वतंत्रपणे सांभाळण्यास सक्षम केले जाते.

४. कोणाचे काम कोणते?

पांढरा पोशाख घातलेली प्रत्येक व्यक्ती परिचारिका नसते. प्रत्येकीचे प्रशिक्षण आणि मर्यादा कुटुंबाला ठाऊक असाव्यात.

मितानिन: छत्तीसगढमध्ये २००२ मध्ये हा उपक्रम सुरू झाला. ‘मितान’ म्हणजे जोडलेला जिवलग मित्र; त्यावरून हे नाव आले. वस्तीने आपल्यातूनच निवडलेली ही स्त्री नोंदणी, सल्ला, रुग्णालयात सोबत आणि नवजात बाळाच्या गृहभेटी ही कामे करते. महाराष्ट्रात व इतर राज्यांत हेच काम आशा स्वयंसेविका करतात. प्रसूती करणे हे तिचे काम नाही.

एएनएम: साधारण दोन वर्षांचे प्रशिक्षण घेतलेली परिचारिका. गरोदरपणातील तपासणी, लसीकरण आणि सर्वसाधारण प्रसूती ती करते. कुशल प्रसूतीसेवेसाठी एएनएम व परिचारिकांना २१ दिवसांचे विशेष प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे.

स्टाफ नर्स: जीएनएम पदविका किंवा चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग पदवी घेतलेली आणि राज्य परिषदेकडे परिचारिका व प्रसविका म्हणून नोंदलेली. प्रसूतीकक्षाचा कणा तीच.

वैद्यकीय अधिकारी: गुंतागुंत ओळखून उपचार सुरू करणारे डॉक्टर. तज्ज्ञांची कमतरता असलेल्या ठिकाणी एमबीबीएस डॉक्टरांना भूल देण्याचे किंवा सिझेरियन शस्त्रक्रियेचे काही महिन्यांचे प्रशिक्षण देण्याची योजना आहे.

तज्ज्ञ: स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ. सिझेरियनसाठी शस्त्रक्रिया करणारे आणि भूल देणारे असे दोघेही लागतात. एक नसेल, तर दुसऱ्याचे कौशल्य त्या रात्री उपयोगी पडत नाही.

प्रयोगशाळा तंत्रज्ञ: रक्तगट, हिमोग्लोबिन, सिकलसेल आणि रक्त जुळवणी तपासणारी व्यक्ती. छत्तीसगढ व विदर्भ या दोन्ही भागांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय असल्याने ही तपासणी टाळू नये.

सुईण किंवा दाई: तिचा धीर, सोबत आणि वडीलकीचा हात मोलाचा आहे. कळांच्या वेळी सोबतीण म्हणून ती अवश्य असावी. मात्र अतिरक्तस्राव थांबवणे किंवा बाळाला पिशवी-मुखवट्याने श्वास देणे यांचे साधन व प्रशिक्षण तिच्याजवळ नसते. तिच्या हाती प्रसूती सोपवू नये.

आया: स्वच्छता व मदत हे तिचे काम. तिला इंजेक्शन देण्यास किंवा आतून तपासणी करण्यास कोणी सांगत असेल, तर कुटुंबाने शांतपणे पण ठामपणे परिचारिकेची मागणी करावी.

५. कौशल्य म्हणजे नेमके काय?

कौशल्य हा शब्द मोघम वाटतो. प्रसूतीकक्षात मात्र त्याला ठरावीक अर्थ आहे. पुढील पाच कामे वेळेवर आणि बरोबर होणे, म्हणजे कौशल्य.

पहिले, कळांवर नजर. बाळाचे ठोके, आईची नाडी, रक्तदाब आणि गर्भाशयमुखाचे उघडणे ठरावीक अंतराने तपासून तक्त्यावर नोंदवले जाते. बाळंतपण अडू लागल्याचे हा तक्ता वेळीच सांगतो. नोंद कोरी राहिली, तर धोका लक्षात येईपर्यंत उशीर होतो.

दुसरे, रक्तस्राव रोखणे. बाळ जन्मल्यावर एका मिनिटाच्या आत आईला ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन दिले जाते. त्यामुळे गर्भाशय आकसते आणि रक्तस्राव कमी होतो. हे औषध शीतपेटीत २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते. उघड्यावर राहिल्यास त्याचा गुण कमी होतो. औषध देणारा हात आणि औषध सांभाळणारा हात, दोघेही शिकलेले लागतात.

येथे एक कडक सूचना आहे. हेच औषध बाळ जन्मण्यापूर्वी ‘कळा वाढवण्यासाठी’ घरी किंवा बिगर-नोंदणीकृत व्यक्तीकडून कधीही घेऊ नये. अवाजवी कळांमुळे गर्भाशय फाटू शकते आणि बाळ गुदमरू शकते. रुग्णालयात डॉक्टरांच्या देखरेखीखाली, सलाइनमधून मोजून देणे ही वेगळी बाब आहे.

तिसरे, रक्तदाब आणि झटके. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांसमोर अंधारी आणि वाढलेला रक्तदाब ही पूर्वसूचना असते. मॅग्नेशियम सल्फेट हे झटक्यांवरील प्रभावी औषध आहे. पहिली मात्रा देऊन मगच रुग्णाला मोठ्या रुग्णालयात हलवणे, हे प्रशिक्षित परिचारिकेला माहीत असते.

चौथे, बाळाचा पहिला श्वास. शंभरपैकी सुमारे दहा बाळांना जन्मल्यावर श्वास सुरू करण्यासाठी काही ना काही मदत लागते. बहुतेकांना कोरडे करणे आणि पाठ चोळणे पुरते; काहींना पिशवी-मुखवट्याने हवा द्यावी लागते. पहिल्या मिनिटात हे व्हावे, म्हणून त्याला ‘सुवर्णमिनिट’ म्हणतात. बाळाला उलटे टांगून चापट मारणे, गार पाणी शिंपडणे हे उपाय घातक आहेत.

पाचवे, ऊब आणि दूध. रडणाऱ्या निरोगी बाळाला पुसून लगेच आईच्या उघड्या छातीवर ठेवावे, नाळ किमान एक मिनिट थांबून कापावी आणि पहिल्या तासात स्तनपान सुरू करावे. पहिले पिवळसर चिकाचे दूध टाकून देऊ नये. मध, साखरेचे पाणी, गुटी यांपैकी काहीही चाटवू नये. बाळाचे वजन २.५ किलोपेक्षा कमी असेल, तर त्वचेला त्वचा लावून दीर्घकाळ जवळ धरण्याची ‘कांगारू माता काळजी’ परिचारिकेकडून शिकून घ्यावी.

६. गडचिरोलीचा धडा

आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९० च्या दशकात एक महत्त्वाचा अभ्यास केला. ३९ गावांतील निवडक स्त्रियांना नवजात बाळाची काळजी शिकवण्यात आली. वजन करणे, ऊब देणे, श्वास न घेणाऱ्या बाळाला मदत करणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे आणि ठरलेले प्रतिजैविक देणे ही कामे त्या घरोघरी जाऊन करू लागल्या. तिसऱ्या वर्षापर्यंत तुलनेच्या गावांच्या मानाने या गावांतील नवजात मृत्यूचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि २०११ मध्ये देशभर सुरू झालेल्या गृहभेटींच्या कार्यक्रमाला त्याचा आधार मिळाला.

कमी शिकलेली पण नेमके प्रशिक्षण, नियमित देखरेख आणि साधने मिळालेली व्यक्ती बाळाचा जीव वाचवू शकते, हा या अभ्यासाचा अर्थ आहे.

दुसरा अभ्यास उत्तर प्रदेशातील आहे. १२० केंद्रांत दीड लाखाहून अधिक प्रसूतींचा मागोवा घेतला गेला. निम्म्या केंद्रांतील कर्मचाऱ्यांना सुरक्षित प्रसूतीची तपासणी-यादी आणि ती वापरण्याचे मार्गदर्शन मिळाले. त्यांच्या कामाच्या पद्धती सुधारल्या. मृत्यूंच्या प्रमाणात मात्र फरक दिसला नाही. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

दोन्ही अभ्यास एकत्र वाचले, तर बोध स्पष्ट होतो. एका ठिकाणी प्रशिक्षणाबरोबर औषध, देखरेख आणि घरापर्यंत पाठपुरावा होता. दुसऱ्या ठिकाणी चांगल्या सवयी रुजल्या, पण जीव वाचवण्यासाठी तेवढ्याने भागले नाही. संख्या, कौशल्य, साधने आणि पुढे पाठवण्याची सोय हे चार पाय आहेत. खाट चारही पायांवर उभी राहते.

७. रुग्णालयाला विचारायचे आठ प्रश्न

सातव्या महिन्यापूर्वीच्या एखाद्या तपासणीच्या वेळी हे प्रश्न विचारावेत. स्वर नम्र असावा आणि उत्तरे कार्डाच्या मागे लिहून ठेवावीत. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. त्या दिवशी हे विचारणे सोयीचे असते.

१) रात्री आणि रविवारी प्रसूतीकक्षात किती प्रशिक्षित परिचारिका असतात?
२) बाळ जन्मताना त्याच्यासाठी वेगळी व्यक्ती हजर असते का?
३) बाळाला श्वास देण्याची पिशवी व मुखवटा खोलीतच असतो का?
४) येथे सिझेरियन होते का? भूलतज्ज्ञ रात्री उपलब्ध असतात का?
५) रक्त येथे मिळते, की बाहेरून आणावे लागते?
६) आजारी किंवा कमी दिवसांच्या बाळासाठी नवजात शिशु कक्ष येथे आहे का? नसल्यास बाळाला कोठे पाठवतात?
७) पुढे पाठवायचे झाल्यास वाहन कोण बोलावते आणि सोबत कोण येते?
८) सोबतीण म्हणून घरातील एक स्त्री आत थांबू शकते का?

सुपेल्याचे लाल बहादुर शास्त्री शासकीय रुग्णालय, दुर्गचे जिल्हा रुग्णालय, सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालय, वस्तीजवळचे शहरी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा खासगी नर्सिंग होम, कोठेही जाणार असाल तरी प्रश्न हेच राहतात. एखाद्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आले, म्हणून ते केंद्र वाईट ठरत नाही. छोटे केंद्र सर्वसाधारण प्रसूती उत्तम करू शकते. मात्र ‘नाही’ असलेल्या गोष्टीसाठी दुसरे ठिकाण कोणते, हे आधीच ठरलेले असावे.

पुढील स्त्रियांनी सुरुवातीपासून शस्त्रक्रिया व रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयातच नाव नोंदवावे: आधीचे सिझेरियन, जुळी बाळे, वाढलेला रक्तदाब, सिकलसेल आजार, हिमोग्लोबिन ७ पेक्षा कमी, मागील खेपेस अतिरक्तस्राव, आडवे बाळ.

८. माहेरी जाताना

भिलाईतील अनेक मराठी घरांची मुळे नागपूर, भंडारा, गोंदिया या भागांत आहेत. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आजही पाळली जाते. डोहाळजेवण झाले, की लेक तिकडे जाते, किंवा तिकडची लेक येथे येते. या रीतीत आईची सोबत आणि विश्रांती मिळते, ही जमेची बाजू आहे. धोका असा, की ज्या परिचारिकेने सात महिने रक्तदाब मोजला, ती प्रसूतीच्या वेळी नसते आणि नव्या ठिकाणी तिच्या नोंदी पोहोचलेल्या नसतात.

म्हणून निघण्यापूर्वी माता-बाल संरक्षण कार्ड, रक्तगट, सिकलसेल, हिमोग्लोबिन आणि सोनोग्राफीचे अहवाल एका पिशवीत घालावेत व त्यांची छायाचित्रे मोबाइलमध्ये ठेवावीत. येथील मितानिनीला जाण्याची तारीख सांगावी. पोहोचल्यापासून आठवड्याच्या आत तेथील रुग्णालयात तपासणी करून नाव नोंदवावे आणि तेथील आशाताईंची ओळख करून घ्यावी. शेवटच्या आठवड्यांत लांबचा प्रवास टाळावा. रुग्णवाहिकेचे १०२ व १०८ हे क्रमांक दोन्ही राज्यांत चालतात; छत्तीसगढमध्ये १०२ ची सेवा ‘महतारी एक्सप्रेस’ या नावाने ओळखली जाते.

जून २०११ पासून लागू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी संस्थांत प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त आणि ने-आण मोफत आहे. सर्वसाधारण प्रसूतीत ३ दिवस व सिझेरियनमध्ये ७ दिवसांपर्यंत आहारही मोफत मिळतो. आजारी नवजात बाळालाही मोफत उपचारांचा हक्क आहे.

९. सव्वा महिना आणि सहा भेटी

सर्वसाधारण प्रसूतीनंतर किमान ४८ तास रुग्णालयात थांबावे. अतिरक्तस्राव, झटके आणि बाळाचे आजार बहुधा याच काळात डोके वर काढतात. खाट लवकर सोडून घरी जाण्याची घाई करू नये.

घरी आल्यावर मितानिन किंवा आशा ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट देते. प्रसूती घरी झाली असल्यास पहिल्या दिवसाची भेट वाढते. आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडत नाही. गृहभेटींचा काळही जवळजवळ तेवढाच आहे. त्यामुळे सेवा दारात येते. तिला आत येऊ द्यावे, हात धुण्यास पाणी द्यावे, बाळाचे वजन करू द्यावे आणि बाळंतिणीशी एकांतात दोन शब्द बोलू द्यावे. भेट चुकली, तर निरोप पाठवून बोलावून घ्यावे. मात्र पुढील लक्षणांपैकी एकही दिसल्यास सव्वा महिन्याचा नियम बाजूला ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे.

आईची लक्षणे: तासाभरात पूर्ण घडी भिजेल इतका रक्तस्राव किंवा मोठ्या गाठी, झटके किंवा तीव्र डोकेदुखी, ताप व दुर्गंधीयुक्त स्राव, धाप लागणे, पोटरीत सूज व वेदना, सतत रडू येणे किंवा बाळाविषयी वा स्वतःविषयी घातक विचार.

बाळाची लक्षणे: दूध न ओढणे, मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास, छाती आत ओढली जाणे, अंग गार पडणे किंवा ताप, झटके, हालचाल मंदावणे, तळहात-तळपाय पिवळे दिसणे, बेंबीतून पू.

१०. कर्मचाऱ्यांशी आपले वागणे

थकलेल्या आणि घाबरलेल्या हातांकडून चूक होण्याची शक्यता वाढते. प्रसूतीकक्षाच्या दाराशी गर्दी करणे, आरडाओरडा करणे किंवा धमकावणे यांमुळे त्याच क्षणी आईकडे असलेले लक्ष विचलित होते. एक सोबतीण आत, एक निर्णय घेणारी व्यक्ती बाहेर आणि एक रक्तदाता फोनवर, एवढी माणसे पुरेशी असतात.

त्याचबरोबर सन्मानाने वागवले जाणे हा प्रत्येक स्त्रीचा हक्क आहे. पडदा, संमती, वेदना ऐकून घेणे आणि अपशब्द न वापरणे हा सेवेचाच भाग आहे. डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ उपक्रमात प्रसूतीकक्षाच्या गुणवत्तेबरोबर यावरही भर दिलेला आहे. पैसे मागितले गेले, शिफ्टमध्ये परिचारिका नव्हती किंवा अपमान झाला, तर तारीख व वेळ लिहून संस्थेच्या प्रमुखाकडे लेखी तक्रार द्यावी. सेवा चांगली मिळाली, तर तेही लिहून द्यावे. रिकाम्या पदांविषयी प्रभाग समितीत किंवा लोकप्रतिनिधीकडे विचारणा करणे हा नागरिकाचा अधिकार आहे. मागणी लेखी असेल, तर तिची दखल घेणे टाळता येत नाही.

११. उजळणी

वाचून झाल्यावर घरातील सर्वांनी एकत्र बसून पुढील प्रश्नांची उत्तरे द्यावीत. एकही उत्तर अडले, तर संबंधित भाग पुन्हा वाचावा.

अ) जन्माच्या वेळी किमान किती प्रशिक्षित व्यक्ती हव्यात, आणि का?
आ) आपण ठरवलेल्या रुग्णालयात रात्री कोण असते? हे कोणी विचारले आहे?
इ) सिझेरियन किंवा रक्ताची गरज पडल्यास दुसरे ठिकाण कोणते? तेथे पोहोचण्यास किती वेळ लागतो?
ई) कळा वाढवण्याचे इंजेक्शन घरी का घेऊ नये?
उ) आपल्या मितानिनीचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक घरातील किती जणांना पाठ आहे?
ऊ) आईचा रक्तगट कोणता, आणि तो जुळणारे दोन दाते कोण?

उत्तरे एका कागदावर लिहून तो कागद कार्डाला जोडून ठेवावा. कळा मध्यरात्री सुरू झाल्या, तर त्या घटकेला घरात चर्चा करण्यास वेळ नसतो. तो कागद तेवढा हाताशी असावा.